अडवलेला तो अडवलेलाच

जानेवारीत, मराठी भाषा संवर्धन पंधरवड्याच्या निमित्ताने, नाशिकमधल्या एका महाविद्यालयात परिसंवाद होता. विषय नेहमीचाच: वाचनसंस्कृतीचा ऱ्हास. व्यासपीठावर आम्ही चौघे मराठीचे प्राध्यापक. तिसरे वक्ते बोलता बोलता खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या कट्ट्याकडे बोट करून म्हणाले, "ती पाहा आपली उद्याची पिढी. ज्ञानेश्वरी कपाटात, आणि हातात राक्षसांचे पत्ते!" सभागृह हसले. मीही हसलो. हा लेख ते हसू परत घेण्यासाठी आहे.

कार्यक्रम संपला तेव्हा कट्ट्यावरची मुले अजून तिथेच होती. त्यांतली दोघे आमच्याच विभागाची, तृतीय वर्षाची. मला पाहून ती पत्ते गोळा करू लागली. गुरुजनांची मते विद्यार्थ्यांना पाठ असतात. मी 'चालू द्या' म्हणून शेजारी बसलो. खेळ थांबलेलाच होता, पण माझ्यामुळे नव्हे. वाद चालला होता, आणि तो वाद एका कृदन्तावरून होता. मुले अर्थातच त्याला कृदन्त म्हणत नव्हती.

वाद कळण्यासाठी खेळाची थोडी माहिती हवी. खेळाचे नाव 'मॅजिक: द गॅदरिंग'. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ मध्ये अमेरिकेत बाजारात आला. पत्त्यांचा आपापला संग्रह जमवायचा, आपसांत अदलाबदल करायची आणि त्यातून स्वतःची जुडी बांधून दुसऱ्याशी लढायचे, या प्रकारच्या खेळांची सुरुवात त्याच्यापासून धरतात. दोन खेळाडू म्हणजे दोन मांत्रिक. पत्ते म्हणजे त्यांचे मंत्र, आणि मंत्राने बोलावलेले सैनिक, राक्षस, पिशाच्चे, पंखांचे सर्प. या बोलावलेल्यांना मी इथे 'गडी' म्हणतो. कबड्डीमुळे हा शब्द आपल्या अंगवळणी पडलेला आहे आणि 'चढाई' हा शब्दही मी तिथूनच उचलतो. प्रत्येक खेळाडूचे आयुष्य वीस गुणांचे असते. प्रत्येक गड्याच्या पत्त्यावर कोपऱ्यात दोन आकडे असतात. एक त्याचा मारा, दुसरा त्याचा दम.

माझ्या वयाच्या लोकांनी शाळेत कुस्तीवीरांची ट्रम्प कार्डे खेळलेली असतात. उंची बोला, वजन बोला. मोठा आकडा लहान आकड्याला खातो. इथेही तसेच काही असणार अशी माझी समजूत होती. तसे नाही. इथे चढाई करणारा समोरचा गडी निवडत नाही. तो फक्त जाहीर करतो, की माझे हे हे गडी तुझ्यावर चालून येत आहेत. सगळे एकदम जाहीर करायचे, आणि करताना त्यांचे पत्ते आडवे करायचे. आडवा झालेला गडी प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पाळीत बचावाला उपलब्ध नसतो. याच पाळीत मैदानात उतरलेल्या गड्याला चढाई करता येत नाही. प्रतिस्पर्धी चालून आला तर बचावाला मात्र उभे राहता येते. कोणी कोणाला अडवायचे हे बचाव करणारा ठरवतो. एका राक्षसापुढे तिघांना उभे करावे, किंवा त्याला मोकळा सोडून त्याचा मार स्वतःच्या आयुष्यावर घ्यावा, निवड त्याची. मग घाव, सामान्यतः दोन्ही बाजूंचे एकाच क्षणी. इजा दमाइतकी झाली की गडी मेला. जो वाचला त्याची इजा पाळी संपताच भरून येते. अपवाद अर्थातच ढीगभर आहेत आणि ते पत्त्यांवर लिहिलेले असतात.

म्हणजे चढाईची वेळ एकाच्या हाती, आणि लढतीच्या जोड्या लावणे दुसऱ्याच्या हाती. या वाटणीमुळे प्रत्येक चढाई हा एक प्रश्न होतो: हा दुबळा गडी माझ्या बलाढ्य गड्यावर चालून येतो आहे, तर याच्या धन्याच्या हातात लपवलेले असे काय आहे? ज्याला नाट्यशास्त्र शिकवायचे आहे त्याने यावर एक तास खर्च करायला हरकत नाही.

आता तो वाद. एका मुलाने सहा माऱ्याचा राक्षस पाठवला. समोरच्याने एक किरकोळ सैनिक त्याला आडवा घातला. आडवा घालून झाल्यावर, पण घाव बसण्यापूर्वी, त्याने त्याच सैनिकाचा दुसऱ्या एका मंत्रासाठी बळी दिला. सैनिक गेला. राक्षसासमोर कोणी नाही. पहिला म्हणाला, वाट मोकळी झाली, सहा गुण कमी कर. दुसरा म्हणाला, एकही नाही.

मोबाइलवर नियम उघडला गेला. तो पानभर नव्हता, दोनतीन वाक्यांचा होता. त्याचा मथितार्थ असा, की एकदा अडवला गेलेला गडी, त्याला अडवणारे सगळे लढतीतून नाहीसे झाले, तरी अडवलेलाच राहतो. आणि अडवलेल्या गड्यापुढे अडवणारा उरलाच नसेल, तर तो कोणालाही इजा करत नाही. तुडवून पुढे जाण्याचा गुण ज्याच्या पत्त्यावर लिहिला आहे, त्याची गोष्ट वेगळी. पहिल्या मुलाचे म्हणणे, 'अडवलेला' म्हणजे ज्याच्यासमोर आत्ता कोणी उभा आहे तो. दुसऱ्याचे म्हणणे, 'अडवलेला' म्हणजे ज्याच्या बाबतीत अडवणे घडून गेले आहे तो. वीस मिनिटे चालले होते हे. अखेर आमच्या विभागातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "अडवणं ही घटना आहे आणि अडथळा ही अवस्था आहे. नियम घटनेबद्दल बोलतोय."

गेल्या बारा वर्षांत तोंडी परीक्षेत मी इतके स्वच्छ वाक्य ऐकलेले नाही. आणि याच मुलीला मी पहिल्या सत्रात 'विश्लेषणाचा अभाव' असा शेरा देऊन काठावर पास केले होते.

इथे मूळ मुद्द्यावर येतो. मुले वाचत नाहीत, हा आमचा आक्षेप खोटा आहे. मुले वाचतात, आम्ही जे त्यांच्यापुढे ठेवतो ते 'वाचणे' उरलेले नाही. 'कवितेचा आशय स्पष्ट करा' असा प्रश्न आम्ही काढतो. त्याचे उत्तर बाजारातल्या मार्गदर्शकात तयार असते: कवीने निसर्गाच्या माध्यमातून मानवी जीवनाचे चिरंतन सत्य प्रतिभेच्या साहाय्याने उलगडून दाखवले आहे. उत्तरपत्रिका तपासताना कवीचे नाव झाकून पाहावे. उत्तर कोणत्या कवितेवर लिहिले आहे ते तपासणाऱ्याला सांगता येत नाही. त्याला आम्ही दहापैकी सात देतो. कवितेत क्रियापद भूतकाळी का, आणि तिसऱ्या ओळीत ते एकाएकी वर्तमानात का आले, हे विचारले तर 'अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न' म्हणून तक्रार येते. तक्रार विद्यार्थ्यांची नसते, सहकाऱ्यांची असते.

यावर येणारे उत्तर मला माहीत आहे, कारण परिसंवादानंतर चहाच्या वेळी ते मला मिळाले. खेळाचा नियम म्हणजे निव्वळ अभिधा. त्यात लक्षणा नाही, व्यंजना नाही. साहित्याचे क्षेत्र जिथे सुरू होते तिथे नियमाचे संपते; नियम एकार्थी, कविता अनेकार्थी. हे सगळे मान्य. पण व्यंजनेचा कैवार घेणाऱ्या आनंदवर्धनाने वाच्यार्थाला हाकलून दिलेले नाही. ज्याला प्रकाश हवा त्याने आधी दिव्याची निगा राखावी, या अर्थाचा दृष्टान्त त्याचाच आहे. आमच्या विभागांत दिवा कोणी पुसत नाही आणि प्रकाशावर व्याख्याने मात्र होतात. ज्याला 'अडवला' आणि 'अडवलेला' यांतला फरक टोचत नाही, त्याला कवितेतली कोणती ध्वनी-छटा ऐकू येणार आहे?

आणि युद्धाचे नियम ही साहित्याबाहेरची वस्तू आहे, हे तरी कोणी ठरवले? भीष्मपर्वाच्या आरंभीच्याच अध्यायात दोन्ही सैन्ये नियम ठरवतात. रथ्याने रथ्याशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी, पायदळाने पायदळाशी. शब्दांनी लढणाऱ्याशी शब्दांनीच लढावे. सूचना देऊन मग प्रहार करावा. दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र वा कवच गमावलेल्यावर प्रहार करू नये. सारथी, शस्त्रे वाहणारे, भेरी आणि शंख वाजवणारे यांना मारू नये. आम्ही हा भाग वर्गात 'पुढे चला' म्हणून उलटतो आणि थेट गीतेवर येतो. मग द्रोणपर्वात भूरिश्रव्याचा प्रसंग आला, की तो विद्यार्थ्यांच्या अंगाला लागत नाही. भूरिश्रवा सात्यकीला खाली पाडून त्याचा शिरच्छेद करणार, तोच अर्जुन बाणाने त्याचा खड्गधारी हात तोडतो. भूरिश्रव्याची तक्रार करुणेची नाही, नियमाची आहे: मी दुसऱ्याशी लढण्यात गुंतलो असताना तू मध्ये पडलासच कसा? अर्जुनाचे उत्तरही नियमाच्याच भाषेत येते. आपल्या आश्रयाने लढणाऱ्याचे रक्षण करणे हाही धर्मच. मग भूरिश्रवा शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला बसतो आणि बसलेल्या अवस्थेत सात्यकी त्याचे मस्तक उडवतो. इथे तीन नियम एकमेकांवर आदळतात. आधीचा करार ज्याने वाचलेला नाही त्याला यात फक्त 'क्रौर्य' दिसते आणि तो उत्तरपत्रिकेत युद्धाच्या भयानकतेवर एक परिच्छेद लिहितो. कट्ट्यावरची चार पोरे या प्रसंगावर तासभर भांडली असती.

नियम आणि अपवाद यांची जी व्यवस्था या खेळात आहे ती तर आपल्या शास्त्रपरंपरेतल्या माणसाला घरची वाटावी. खेळाचे सर्वसाधारण नियम एक सांगतात आणि हातातला पत्ता दुसरे सांगतो, तेव्हा पत्त्याचे म्हणणे प्रमाण. उत्सर्ग आणि अपवाद. व्याकरण शिकलेल्याला आणखी काय सांगायचे? दुसरा नियम असा, की एक वचन 'करता येते' म्हणते आणि दुसरे 'करता येत नाही' म्हणते, तर निषेध जिंकतो. मीमांसकांची इथे गंमत होते. अतिरात्र यागात षोडशी नावाचा सोमपात्र-ग्रह घ्यावा असेही श्रुतिवचन आहे आणि घेऊ नये असेही. दोन्ही श्रुतीच असल्याने त्यांनी विकल्प मानला, घ्या किंवा घेऊ नका. खेळ मांडणाऱ्याला असा विकल्प परवडत नाही, समोरचा माणूस ताटकळत बसलेला असतो. पण प्रश्न तोच आहे, आणि तो सोडवण्याची चिकाटीही त्याच जातीची आहे. जैमिनीच्या नावाने हार घालणाऱ्यांनी ती ओळखू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

'पण हा परदेशी खेळ!' असाही एक सूर असतो. ठीक, मग देशी घेऊ. आपल्याकडे दशावतारी गंजिफा आहे. बाबराने १५२७ मध्ये गंजिफाचा संच भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. त्या मूळ पर्शियन खेळाला आपल्या कारागिरांनी अवतारांचे रूप दिले. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे एकूण १२० पत्ते. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याच्या आश्रयाने ही कला टिकली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाही. पण त्यातल्या लढतीचे नियम कोणाला येतात? निम्म्या अवतारांच्या रंगांत दहा हा अंकांतला सर्वांत मोठा आणि एक्का तळाशी; उरलेल्या निम्म्यांत ही उतरंड उलटी, प्रधानाच्या लगेच खाली एक्का आणि सर्वांत दुबळा दहा. हुकूम नाही. दिवसा खेळ असेल तर पहिली उतारी रामाच्या राजाकडे, रात्री कृष्णाच्या राजाकडे. एकाच हाती दहा चांगला की वाईट, हे रंग पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि कोणाचा राजा आधी उतरणार हे खिडकीबाहेर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही! इतकी देखणी कल्पना. मी आजवर ज्या घरांत गंजिफा पाहिला, तिथे तो चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगलेला होता. यजमानाला कोणता अवतार कोणता, एवढे येत होते. खेळता येत नव्हते. परदेशी खेळाला नाके मुरडणाऱ्या आमच्या त्या वक्त्यांच्या घरीही अशीच एक चौकट आहे. (मेंढीकोट मात्र ते उत्तम खेळतात, हे नमूद करायला हवे.)

पाठचिकित्सेचे तर बोलायलाच नको. या खेळात पत्त्यावर छापलेला मजकूर अंतिम नसतो. जुन्या पत्त्यांचा प्रमाण पाठ वेळोवेळी सुधारून प्रसिद्ध होतो आणि छापील व प्रमाण यांत फरक पडला तर प्रमाण पाठ ग्राह्य धरतात. नियमही बदलतात. २००९ पर्यंत घाव जाहीर होणे आणि घाव बसणे यांत एक फट असे. त्या फटीत गड्याचा बळी दिला तरी त्याने उगारलेला घाव बसतच असे. मेलेल्याचा हात चालायचा. २००९ मध्ये ती फट बुजवली. त्याच वेळी एकाला अनेकांनी अडवल्यास कोणाला आधी मारायचे याचा क्रम लावण्याची सक्ती आली, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. कट्ट्यावरच्या एकाला हा सगळा इतिहास तोंडपाठ होता. जुना पाठ चांगला होता, त्यात कसब होते, असे त्याचे मत. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वाक्य आमचे विद्यार्थी एका गुणासाठी पाठ करतात. शुद्ध करणे म्हणजे काय, एक शब्द बदलला की काय काय हलते, हे त्यांना कधी हाताने करून पाहायला मिळाले आहे का?

म्हणून मी एक प्रयोग केला. व्यावहारिक मराठीच्या तासाला, अर्ज आणि वृत्तलेखन बाजूला ठेवून, तो अडवण्याचा नियम इंग्रजीतून मराठीत आणायला सांगितले. तीसेक विद्यार्थी होते. पहिली खेप आली ती 'अडवण्यात आलेला सदर गडी' अशी. शासकीय परिपत्रकाची मराठी मुलांच्या हाडीमांसी किती खिळली आहे ते कळले. 'सदर' खोडून झाल्यावर खरी मजा सुरू झाली. एकाने 'अडला' सुचवले. त्याचा युक्तिवाद असा, की 'अडवला' म्हटले की अडवणारा डोळ्यांपुढे येतो. इथे तर अडवणारा गेला आहे, तेव्हा कर्ता नको असलेले 'अडणे' बरे. दुसरी म्हणाली, 'अडला' म्हटले की अजून अडलेलाच आहे, सुटका झालेली नाही असे वाटते. अडल्या हरीला गाढव समोर असावेच लागते. तिसऱ्याने 'अडवला गेल्यावर' असे केले, तर नियमातला 'राहतो' लंगडा पडला. अखेर फळ्यावर उरले ते एवढे: 'एकदा अडवलेला गडी, अडवणारा उरला नाही तरी, अडवलेलाच राहतो.' 'एकदा' हा शब्द मुळात नाही, तो आपण घालावा का, यावर मतदान झाले. घालू नये, या बाजूला दोन मते जास्त पडली. मी घालावे या बाजूचा होतो.

अडचणी मला दिसत नाहीत असे नाही. हा धंदा आहे. पत्त्यांची बंद पाकिटे विकतात, आत काय निघेल ते नशिबावर, आणि हवा तो पत्ता मिळेपर्यंत पाकिटे घेत राहण्याचे व्यसन लागू शकते. खेड्यातून येणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला ते परवडणारे नाही. कट्ट्यावरची मुले कुठल्याशा जुन्या पत्त्यांच्या छापील नकला वापरत होती, म्हणून मी गप्प बसलो. शिवाय सगळा नियमग्रंथ इंग्रजीत आहे आणि हा दोष खेळाचा नव्हे, आमचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण पंधरावीस वर्षे आपली मुले ज्या भाषेत पत्ते मांडून भांडतात, त्या भांडणासाठी एक साधा नियमकोश आपल्या एकाही विभागाने केलेला नाही. तो करणे हे अनुवाद-अभ्यासाचे काम नाही, असे कोणाला वाटत असेल तर त्याने 'अडला' आणि 'अडवला' यांतला निर्णय आधी कारणांसह लिहून दाखवावा.

त्या परिसंवादातल्या सहकाऱ्यांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "सर, तुम्ही फार मनावर घेता." मी अंतर्गत मूल्यमापनासाठी भूरिश्रव्यावर एक प्रश्न सुचवला आहे: हात तुटल्यावर शस्त्र टाकून बसलेला भूरिश्रवा युद्धात आहे की युद्धाबाहेर? भीष्मपर्वातल्या कराराच्या आधारे उत्तर द्यावे. प्रश्न 'संदिग्ध' म्हणून विभागाच्या बैठकीत प्रलंबित आहे. कट्ट्यावर मात्र तो पोचला, कोणी पोचवला ते माहीत नाही. काल दुपारी जिन्यात त्या विद्यार्थिनीने मला गाठले. तिचे म्हणणे, शस्त्र टाकणे आणि रांग सोडणे या करारात दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आहेत, तेव्हा भूरिश्रवा एका कलमाने सुरक्षित आहे आणि दुसऱ्याने नाही. पण एकच कलम पुरेसे असेल तर सात्यकी दोषी. आणि मग तिने विचारले, की सात्यकीला तो करार ठाऊक होता असे महाभारतात कुठे म्हटले आहे का. मी पाहून सांगतो म्हणालो.